न गंजणाऱ्या सोन्याला आवरण कशासाठी?

१. वाचकाचा रास्त प्रश्न

सोने गंजत नाही, काळवंडत नाही, पाण्यात विरत नाही, आणि अम्लराजासारखे एखादे उग्र मिश्रण सोडले तर आम्लांनाही दाद देत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेला वाचक जेव्हा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर पॉलिमरचे आवरण चढवल्याची हकीकत वाचतो, तेव्हा ज्या धातूला काळही बाधत नाही त्याला संरक्षण हवे तरी कोणापासून, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. आणि हा प्रश्न इतका रास्त आहे की त्याचे उत्तर नीट दिले तर या विषयाचा बहुतेक भाग त्यातच उलगडतो.

येथे धोका सोन्याला नाही, सोन्याच्या विभक्तपणाला आहे. पाण्यात तरंगणारे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले आणि ते पुंजके तळाशी बसले, तरी सोन्याचा एक अणूही कमी होत नाही. परंतु कणांच्या अंगी जे विशेष गुण केवळ त्यांच्या लहानपणामुळे आलेले असतात ते सारे त्या क्षणी नाहीसे होतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पुष्कळ पट्ट्यांवर जी तांबूस रेघ उमटते ती अशाच सुवर्णकणांची असते, आणि पट्टी कारखान्यातून निघाल्यापासून वापरली जाईपर्यंत ते कण अलग राहिले असतील तरच त्या रेघेवर विश्वास ठेवता येतो. कणांचे हे अलग राहणे म्हणजेच त्यांचे स्थैर्य. ज्या द्रवात असे सूक्ष्म कण विरघळून न जाता तरंगत राहतात त्याला कलिल म्हणतात. आणि पॉलिमर, किंवा आपल्या परिभाषेत बहुवारिक, म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन तयार झालेला लांब साखळीचा रेणू. डिंक, जिलेटीन, पिष्ट ही निसर्गाने केलेली बहुवारिके. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात केलेले. एवढी सामग्री हाताशी असली की पुढे जाता येते.

२. एक ग्रॅम सोन्याचा हिशेब

एक ग्रॅम सोन्याची एकच गोळी केली तर तिचा व्यास साडेचार मिलिमीटरांहून किंचित अधिक भरेल, आणि तिचा पृष्ठभाग पाऊण चौरस सेंटिमीटरही होणार नाही. तेच सोने १५ नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांत वाटले (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), तर प्रत्येक कणात सुमारे एक लाख अणू येतील, आणि साऱ्या कणांचा मिळून पृष्ठभाग सुमारे २० चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आसपास होईल. वजन तेच, पण पृष्ठभाग तीन लाख पटींनी वाढलेला.

या वाढीचे मोल द्यावे लागते. धातूच्या पोटातील अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात, तर पृष्ठभागावरील अणूची एक बाजू उघडी राहते, आणि ही उघडी बाजू भरून निघावी अशी ओढ पदार्थाला सतत असते. शिवाय कोणत्याही दोन कणांमध्ये, ते अगदी जवळ आले असता, रेणूरेणूंत असणारे सूक्ष्म आकर्षण एकत्रित होऊन काम करू लागते, आणि धातूंच्या, त्यातही सोन्याच्या, बाबतीत हे आकर्षण विशेष जोरदार असते. म्हणून सोन्याचे दोन नग्न कण एकमेकांना भिडले की बहुधा कायमचेच चिकटतात.

सुदैवाने ही घटना डोळ्यांना दिसते. सोन्यातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकसाथ हेलकावतात, आणि १५ ते २० नॅनोमीटरांच्या कणांत हा हेलकावा ५२० नॅनोमीटरांच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाशी जुळत असल्यामुळे तो प्रकाश शोषला जाऊन द्रव माणकासारखा तांबडा दिसतो. गुस्टाफ मी या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने १९०८ साली याचे गणित मांडले. कण एकमेकांजवळ आले की त्यांचे हेलकावे परस्परांत गुंतून शोषण लांब लहरींकडे सरकते, आणि तांबडा द्रव प्रथम जांभळा, मग निळा होतो. स्थैर्याचा भंग असा उघड रंगाने जाहीर करणारे पदार्थ फार थोडे आहेत, आणि कलिलांच्या साऱ्या शास्त्राच्या अभ्यासाला सोन्यासारखा धातू प्रारंभीच लाभला, हे मला मोठे भाग्य वाटते.

३. फॅरडेचा तांबडा द्रव

मायकेल फॅरडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या क्षाराच्या विरल द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून असे तांबडे द्रव तयार केले, आणि १८५७ साली आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. साध्या डोळ्याला तो द्रव निवळशंख दिसे. पण त्यातून प्रकाशाचा शलाकारूप झोत सोडला असता त्याचा मार्ग उजळलेला दिसतो हे पाहून, सोने यात विरघळलेले नसून कणरूपाने विखुरलेले असले पाहिजे, असा निर्णय त्याने दिला. त्या वेळी हे कण दाखवू शकेल असे एकही उपकरण जगात नव्हते. या द्रवात मीठ टाकले तर तो निळा पडतो हे त्याने पाहिले; आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की द्रवात आधी थोडे जिलेटीन असेल तर मिठाचा हा परिणाम रोखला जातो हेही त्याने टिपले. बहुवारिकाच्या आवरणाने सुवर्णकण टिकतात, या गोष्टीचा लेखी दाखला इतका जुना आहे. त्याने केलेल्या द्रवांचे नमुने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजूनही जपलेले आहेत.

४. विजेचा पहारा आणि मिठाचा उपद्रव

मीठ असे काय करते, की जे कण महिनोन्‌महिने अलग होते ते क्षणात गोळा व्हावेत? त्यासाठी प्रथम हे पाहिले पाहिजे, की कोणताच अडसर नसता तर कण किती वेळ अलग राहिले असते. पोलिश शास्त्रज्ञ मारियान स्मोलुखोव्स्की याने पहिल्या महायुद्धाच्या काळात हा हिशेब करून दिला. पाण्याचे रेणू कणांना सतत धक्के देत असल्याने कण अखंड भटकत असतात, आणि भटकता भटकता एकमेकांवर आदळतात. एका घन सेंटिमीटरात एक लाख कोटी कण धरले (प्रयोगशाळेतील सामान्य तांबड्या द्रवात ते साधारण इतकेच असतात), आणि प्रत्येक टक्कर चिकटण्यात संपते असे मानले, तर स्मोलुखोव्स्कीच्या सूत्राप्रमाणे कणांची संख्या निम्म्यावर येण्यास सेकंदाचा पाचवा हिस्साही लागत नाही. प्रत्यक्षात द्रव वर्षभर टिकतो, याचा अर्थ जवळपास प्रत्येक टक्कर कोणीतरी निष्फळ करीत असते.

हे काम विद्युत्‌भार करतो. जॉन टर्केविच व त्याचे सहकारी यांनी १९५१ साली तपशीलवार अभ्यासलेल्या आणि आजही सर्वत्र चालणाऱ्या कृतीत सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सोडियम सिट्रेट घालतात; सिट्रेट सोन्याला धातुरूप देते आणि स्वतः कणाच्या पृष्ठभागावर बसून त्याला ऋणभारित करते. ऋण आणि ऋण परस्परांना दूर लोटतात, म्हणून कण आकर्षणाच्या टापूत येण्याआधीच परत फिरतात. पण पाण्यात मीठ विरघळले की त्याचे धनभारित सोडियम आयन कणाभोवती गर्दी करून त्याचा भार झाकून टाकतात, आणि प्रतिकर्षणाचा अंमल आखडत जातो. प्रतिलिटर १ मिलिमोल मीठ असता हा अंमल सुमारे १० नॅनोमीटरांपर्यंत पोहोचतो. सलाइनमध्ये असते तितके, म्हणजे ०.९ टक्के मीठ असता, तो एका नॅनोमीटरच्याही आत येतो. त्या अंतरावर आकर्षणाचे बळ वरचढ असते. आकर्षण व प्रतिकर्षण यांचा हा जमाखर्च रशियात देरयागिन व लँडाऊ यांनी १९४१ मध्ये, आणि हॉलंडमध्ये फेर्वे व ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडला.

आपले रक्त मिठाच्या बाबतीत सलाइनसारखेच आहे. यास्तव केवळ विजेच्या भरवशावर उभे असलेले सुवर्णकण शरीरात पाठवण्याच्या कामाचे नाहीत. तेथे दुसऱ्या जातीचा बंदोबस्त हवा.

५. कदंबाच्या फुलासारखा कण

ज्याने कदंबाचे फूल हातात घेतले असेल त्याला आवरणयुक्त कणाची कल्पना लगेच येईल. मध्ये लहानसा टणक गोळा, आणि त्यावर सर्व दिशांनी दाट उभे राहिलेले मऊ तंतू. अशी दोन फुले एकमेकांवर दाबली तर त्यांचे गाभे भिडत नाहीत. तंतू दाटतात, वाकतात आणि फुलांना मागे सारतात. सुवर्णकणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या एका टोकाने रोवल्या आणि दुसरी टोके पाण्यात मोकळी सोडली, म्हणजे नेमकी हीच रचना होते. मात्र फुलाचे तंतू स्वतःच्या ताठपणामुळे विरोध करतात, आणि पॉलिमरच्या साखळ्या तर अगदी लवचिक असतात. तेव्हा त्यांचा विरोध कोठून येतो ते पाहू.

त्याची कारणे दोन. पाण्यात मोकळी लोंबणारी साखळी क्षणोक्षणी निराळा आकार घेत असते, आणि तिला शक्य असलेल्या आकारांची संख्या अगणित असते. दोन कणांच्या मध्ये ती दाबली गेली की त्यांपैकी बहुतेक आकार तिला वर्ज्य होतात. आणि रेणूंची अशी मोकळीक हिरावून घेण्यास नेहमी बळ खर्चावे लागते, हा उष्णतेच्या शास्त्राचा एक मूलभूत नियम आहे. दुसरे कारण पाण्याचे. दोन्ही कणांच्या साखळ्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाटल्या की तेथे पॉलिमरचे प्रमाण वाढते, ते विरल करण्यासाठी बाहेरचे पाणी आत शिरते, आणि शिरता शिरता कणांना दूर ढकलते. या दोन्ही कारणांत विद्युत्‌भाराचा संबंध कोठेच येत नाही, म्हणूनच मिठाच्या पाण्यात हा पहारा ढिला पडत नाही.

या आवरणाची जाडी मात्र आकर्षणाच्या टापूपेक्षा अधिक हवी. ५,००० रेणुभाराच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळीत सुमारे ११३ घटक असतात. ती पूर्ण ताणली तर सुमारे ४० नॅनोमीटर भरेल, पण पाण्यात ती वळत-वेटाळत राहत असल्याने थराची जाडी त्याहून पुष्कळ कमी असते. तेवढी १५ नॅनोमीटरच्या कणाला भरपूर होते. कण जितका मोठा तितके त्याचे आकर्षण दूरवर पोहोचते, आणि त्याला तितक्याच लांब साखळ्या लागतात.

६. झिग्मोंडीचा सुवर्णांक

कोणते बहुवारिक किती चांगले रक्षण करते, हे आकड्यांत सांगण्याची पहिली सोय रिचर्ड झिग्मोंडी याने केली. व्हिएन्नात जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ जर्मनीतील येना येथील शॉट काचकारखान्यात रंगीत काचांवर काम करीत होता, आणि सोन्यामुळे तांबड्या होणाऱ्या काचेच्या मागोमाग तो सोन्याच्या कलिलांकडे वळला. पुढे झीडेनटॉफ याच्याबरोबर त्याने अतिसूक्ष्मदर्शक सिद्ध करून, फॅरडेने तर्काने जाणलेले कण चकाकत्या बिंदूंच्या रूपाने प्रत्यक्ष दाखवले, आणि १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

त्याचा सुवर्णांक असा काढतात. तांबड्या सुवर्णकलिलाचे १० घन सेंटिमीटर घ्यावेत, त्यात तपासायचे बहुवारिक मिसळावे, मग १० टक्के मिठाच्या पाण्याचा १ घन सेंटिमीटर घालावा. रंग तांबड्याचा जांभळा होऊ नये यासाठी बहुवारिकाचे जे किमान मिलिग्रॅम लागतील तो त्याचा सुवर्णांक. अंक जितका लहान तितके रक्षण अधिक. जिलेटीनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१, अरबी डिंकाचा ०.१५ ते ०.२५, आणि बटाट्याच्या पिष्टाचा २५ च्या सुमारास. म्हणजे जिलेटीनचा कणभर अंश जे काम करतो त्यासाठी पिष्ट किमान अडीच हजार पट लागते. तिन्ही निसर्गजन्य, तिन्ही लांब साखळ्यांची, तरीही फरक इतका. कारण साखळी नुसती असून भागत नाही, तिच्या काही भागाला सोन्याची ओढ आणि उरलेल्या भागाला पाण्याची ओढ असावी लागते. जिलेटीन हे प्रथिनजन्य असल्यामुळे त्यात दोन्ही प्रकारचे भाग आहेत; पिष्टाला सोन्याचे अगत्य फारसे नाही. एक परीक्षानळी, चिमूटभर मीठ आणि उघडा डोळा यांवर उभे असलेले हे मोजमाप विज्ञानातील अतिशय सुंदर मोजमापांपैकी एक आहे असे मी मानतो.

त्याचा उपयोग रुग्णालयांपर्यंतही गेला. बर्लिनच्या कार्ल लांगे याने १९१२ साली मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवतालच्या द्रवाचे उत्तरोत्तर विरल केलेले नमुने सुवर्णकलिलात मिसळून रंग पाहण्याची चाचणी काढली. निरोगी द्रवातील प्रथिने सोन्याचे रक्षण करतात. उपदंशाने मज्जासंस्था ग्रासली असता प्रथिनांचे परस्परप्रमाण बदलते, आणि काही नळ्यांतील रंग जांभळा, निळा, किंवा पार फिका होतो. यापेक्षा नेमक्या चाचण्या येईपर्यंत कित्येक वर्षे डॉक्टर या रंगांवरून निदान करीत असत.

अरबी डिंकाची गोष्ट तर आपल्या दफ्तरांना अनोळखी नाही. काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून केलेल्या शाईत काजळीचे कण पाण्यात न साखळता राहतात, ते डिंकाच्या साखळ्यांनी त्यांना वेढलेले असते म्हणूनच. पोथ्या लिहिणाऱ्यांना कारण ठाऊक नव्हते, पण डिंक किती घालावा याची जाण त्यांच्या हाताला होती.

७. थोडे अपायकारक, आणि फारही

त्या प्रमाणाला मोठे महत्त्व आहे. बहुवारिक फारच थोडे घातले तर रक्षण होत नाही इतकेच नव्हे, उलट नुकसान होते. कणाचा बहुतेक पृष्ठभाग उघडा असल्याने एका कणाला चिकटलेल्या साखळीचे दुसरे टोक शेजारच्या कणाला जाऊन चिकटते, आणि तीच साखळी दोघांना बांधून ठेवते. अत्यल्प जिलेटीन घातलेले सुवर्णकलिल कधी कधी मूळच्यापेक्षाही अल्प मिठाने साखळते, ते याच कारणाने. म्हणून जाणकार बहुवारिक प्रथम भरपूर प्रमाणात व झपाट्याने मिसळतात, आणि उरलेले मागाहून काढून टाकतात.

किती पुरेल याचा अंदाज काढता येतो. दर चौरस नॅनोमीटरवर एक साखळी अशी दाट लागवड धरली, तर १५ नॅनोमीटरच्या एका कणाला सुमारे ७०० साखळ्या लागतील. आणि आपल्या एक ग्रॅम सोन्याच्या वीस चौरस मीटरांना ५,००० रेणुभाराच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे सुमारे ०.१७ ग्रॅम पुरेल.

द्रवात न चिकटलेले, मोकळे बहुवारिक फार झाले तर निराळीच आपत्ती येते. दोन कण इतके जवळ आले, की मधल्या फटीत मोकळ्या साखळीचे वेटोळे मावेनासे झाले, म्हणजे ती फट साखळ्यांवाचून रिकामी राहते. बाहेरच्या साखळ्या मात्र चारी बाजूंनी कणांवर आपटतच असतात, आणि त्यांच्या या एकतर्फी दाबाने कण एकत्र ढकलले जातात. जपानमधील असाकुरा व ओसावा यांनी १९५४ साली हे कोडे उलगडले. न चिकटणारा पदार्थही केवळ आपल्या गर्दीने इतरांना एकत्र आणू शकतो, हा विचार मला या साऱ्या शास्त्रात सर्वांत विलक्षण वाटतो.

८. पकड, पाणी आणि पेशी

आता आवरण कणाला धरून राहते कशाने, हा शेवटचा मुद्दा. जिलेटीन, डिंक किंवा पॉलिव्हिनिल पायरोलिडोन यांच्या साखळ्या अनेक ठिकाणी सौम्यपणे चिकटून बसतात. एकेक पकड दुबळी, पण त्या अनेक असल्याने साऱ्या एकाच वेळी सुटत नाहीत. पॉलिएथिलीन ग्लायकॉलला सोन्याची मुळात ओढ कमी, म्हणून त्याच्या टोकाला गंधकाचा अणू जोडतात. सोन्याचे गंधकाशी नाते दृढ आहे. एका गंधकाच्या बळावर सारी साखळी उभी राहते. असे कण पाण्यातून काढून वाळवले, आणि पुन्हा पाण्यात घातले, तरी ते निमूटपणे विखुरतात. सिट्रेटवाल्या कणांना ही परीक्षा झेपत नाही. वनस्पतींच्या अर्कांत घडवलेल्या कणांनाही अर्कातील सेंद्रिय रेणूंचे आवरण आपसूक मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ साली गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोणी कण घडवले, ते याच वाटेने.

पकड कितीही घट्ट असली तरी साखळ्यांना भोवतालचे द्रव मानवले पाहिजे. एन-आयसोप्रोपिल अॅक्रिलमाइडच्या पॉलिमरच्या साखळ्या सुमारे ३२ अंश सेल्सिअसपर्यंत पाण्यात मोकळ्या पसरतात. त्याहून उष्ण पाण्यात त्या आखडून कणाला लपेटतात, आणि पुरेसे मीठ असेल तर कण गोळा होऊन रंग पालटतो. आवरण दाट असल्यास थंड करताच कण पुन्हा विखुरतात. सोने तेच आणि आवरणही तेच असता केवळ दोनचार अंशांनी स्थैर्य येते-जाते, यावरून स्थैर्य हा एकट्या सोन्याचा वा एकट्या आवरणाचा गुण म्हणता येत नाही. तो त्या दोहोंच्या आणि भोवतालच्या द्रवाच्या मेळातून येतो.

शरीरात हा मेळ अधिकच कठीण होतो. रक्तात शिरताच नग्न कणांवर प्रथिनांचे थर बसतात, आणि यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी त्यांना लवकर पकडतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या आवरणाने प्रथिनांचे बसणे पुष्कळ घटते, पूर्णपणे थांबत मात्र नाही. सुमारे २७ नॅनोमीटरांच्या सुवर्णकणावर हेच आवरण आणि अर्बुदावर आघात करणारे एक प्रथिन बसवून अमेरिकेत कर्करुग्णांवर केलेल्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. आणि गंधकाची जी पकड इतकी भरवशाची म्हटली, तिलाही पेशीच्या आत प्रतिस्पर्धी भेटतो. ग्लुटाथायोन नावाचा गंधकयुक्त रेणू पेशीत प्रतिलिटर १ ते १० मिलिमोल इतका असतो, तर रक्तद्रवात त्याच्या सुमारे हजारावा हिस्सा. तो सोन्यावर आपली जागा मागतो आणि साखळ्यांना हळूहळू उठवून लावतो. त्यामुळे ज्या कणांनी दीर्घकाळ अलग राहून केवळ खूण म्हणून काम करावयाचे, त्यांच्या साखळ्यांना दोन गंधक-अणूंची पकड देतात; आणि ज्यांनी पेशीत शिरल्यावरच औषध सोडावयाचे, त्यांवर औषध एकाच गंधकाने बांधतात, म्हणजे ग्लुटाथायोनला ते मोकळे करता येते.